फ्रिज बिघडला म्हणून गाडी घेऊन येण्याआधी

शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार, हे आम्हाला आता पाठ झालं आहे. "फ्रिज थंडच होत नाहीये." कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, दिवेआगरला असते, नाहीतर ताम्हिणीत कुठेतरी. आत दीड किलो सुरमई असते आणि मुलं आइस्क्रीमसाठी हटून बसलेली असतात. फोनवर सांगता येईल तेवढं आम्ही सांगतो. सोमवारी गाडी आमच्या साकीनाक्याच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये येते, आम्ही फ्रिज लावून ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत ट्रेमध्ये बर्फ धरलेला असतो. बिघाड काहीच नसतो. तपासणीचे पैसे मात्र लागतात, आणि वादाला तिथून तोंड फुटतं.

आमच्याकडे तो चालतो, कारण आमच्या शेडची फरशी सपाट आहे. तुम्ही गाडी उतारावर उभी केली होती.

हे जरा नीट सांगतो, कारण दहातल्या सहा-सात तक्रारी इथेच मिटतात. कॅराव्हॅनमधल्या गॅसवर, घरच्या विजेवर आणि गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर, तिन्हींवर चालणाऱ्या फ्रिजला घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. म्हणून तो घूं करत नाही, आणि आवाज नाही म्हणजे बंद पडला असं समजून कित्येक जण बटणं फिरवत बसतात. त्याच्या मागच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचं बंद केलेलं असतं. खाली उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटून वर चढतो, वरच्या जाळीत निवून पातळ होतो, आतल्या नळीत त्याची पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो आणि पाण्यात विरघळून उताराने परत खाली येतो. यात ना पंप, ना मोटर. सगळा कारभार कौलारू घराच्या पन्हळीसारखा, नुसत्या उतारावर. पन्हळ वाकडी बसली की पाणी मध्येच तुंबतं, तसंच इथे होतं.

जुन्या फ्रिजना साधारण तीन अंशांपलीकडचा कल चालत नाही. म्हणजे मीटरभर लांबीला पाच सेंटिमीटर. डोळ्यांना तेवढा उतार कळतसुद्धा नाही. समुद्राकडे तोंड करून गाडी लावली की तो सहज होतो. नवी मॉडेलं थोडं जास्त सोसतात, किती ते पुस्तिकेत असतं. गाडी चालू असताना ही अडचण येत नाही, कारण ती सारखी डुलत असते आणि द्रव कुठे साचून राहत नाही. उभ्या गाडीत मात्र द्रव अडकतो, खालची नळी कोरडी तापत राहते आणि आतून गंज धरू नये म्हणून घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होऊन नळी बुजायला लागते. एका रात्रीत काही होणार नाही. पण प्रत्येक वाकड्या रात्रीची भर पडत जाते, आणि एकदा नळी बुजली की अख्खं कूलिंग युनिट बदलावं लागतं. मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला तर युनिट फुटलं समजा. लगेच बंद करा, दारं उघडा आणि बाहेर या. फ्रिज उलटा करून ठेवला की सुटतो, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो उलटा करायला काढताना गॅसचा जोड कोण सोडवणार आणि परत कोण बसवणार, एवढं त्याला विचारा.

उपाय स्वस्त आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी छोटी पाणसळ फ्रीझरच्या तळावर एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवा. बुडबुडा मधल्या दोन रेघांत असला की झालं. नसेल तर खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवा. आमच्याकडे मापाच्या फळ्या आणि पाणसळ एकत्र मिळते. घ्याच असा आग्रह नाही, सुताराकडून कापून घेतल्यात तरी चालेल.

दुसरं कारण वेळेचं. हा फ्रिज गार व्हायला सहा-सात तास घेतो, मे महिन्यात त्याहूनही जास्त. हर्णैच्या लिलावातून आणलेली मासळी, दुपारी गरम झालेल्या बाटल्या, सगळं एकदम कोंबलं की तो दमतो. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून ठेवा. पार्किंगमध्ये वायर आणायला सेक्रेटरी परवानगी देत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. हा फ्रिज दोनेकशे वॉटच्या आसपास घेतो, एवढं सांगून बघा. नाहीच जमलं तर गाडी एक दिवस आधी आमच्याकडे लावा. आमच्याकडून सर्व्हिस झालेल्या गाड्यांना याचे पैसे घेत नाही.

बॅटरीचं सांगायचं तर बारा व्होल्टवर तो चौदा-एक अँपिअर खातो. शंभर अँपिअर-अवर्सच्या साध्या बॅटरीतून बिनधास्त निम्मंच काढायचं असतं, म्हणजे इंजिन बंद केल्यावर साडेतीन तास. बॅटरीची बाजू फक्त रस्त्यावर, झालेला गारवा टिकवायला. मुक्कामाला पोचलात की गॅसवर न्या. सकाळी गाडी स्टार्ट होत नाही म्हणून येणारे फोन बहुतेक यातूनच आलेले असतात.

खरोखर बिघाड आहे का, हे घरीच कळतं. गाडी सपाट जागी लावून फ्रिज घरच्या विजेवर रात्रभर ठेवा. सकाळी गार असेल तर युनिट ठणठणीत आहे. मग गॅसवर होत नसेल तर दोष बर्नरचा, आणि फक्त बारा व्होल्टवर होत नसेल तर फ्यूज, रिले किंवा बारीक वायरचा. विजेवरही गॅसवरही नाही, तर आमच्याकडेच या. गॅसवर पेटून विझत असेल तर पेटल्यावर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. ज्योतीतला थर्मोकपल (ज्योत पेटली आहे हे ओळखणारी काडी) तापल्याशिवाय गॅसची झडप उघडी राहत नाही, आणि लोक पाच सेकंदांत सोडतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी बर्नरच्या वाटेत मातीचं घर बांधून ठेवते, कोळी जाळं विणतात, खाऱ्या हवेने जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, गंजतो. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी दिसली तर बंद करा. जेटमध्ये सुई घालू नका. भोक थोडं मोठं झालं तरी ज्योत बिघडते आणि नवा जेट आमच्याचकडून घ्यावा लागतो.

आता गॅस. मुंबईत बऱ्याच घरांत पाइपने महानगरचा गॅस येतो, आणि त्याच सवयीने लोक गाडीत वागतात. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. सिलिंडरचा एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड, तो खाली बसतो. गाडीच्या तळाला भोकं ठेवली आहेत ती यासाठी. त्यांतून डास आणि मुंग्या येतात म्हणून बोळे कोंबलेल्या तीन गाड्या मागच्या हंगामात आमच्याकडे आल्या. एकीत तर वर टेप मारली होती. डासांचा त्रास असेल तर आम्ही मोठ्या भोकांची जाळी लावून देतो. बोळा मात्र काढाच. फ्रिजमागच्या बाहेरच्या झडपाही मोकळ्या हव्यात, नाहीतर उष्णता जाणार कुठे?

रेग्युलेटरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. फ्रिजच्या पट्टीवर ३० मिलीबार लिहिलेलं असतं, आणि घरगुती रेग्युलेटर साधारण तेवढाच दाब देतो. भट्टीला लावतात तो हाय प्रेशरचा रेग्युलेटर याच्या कितीतरी पट दाब सोडतो. "ज्योत मोठी, गार लवकर" या हिशेबाने तो लावून आणलेली गाडी आम्ही हातात घेतो, पण आधी रेग्युलेटर काढतो. तसंच बाजारात भरून मिळणारी विनामार्क छोटी सिलिंडरं आम्ही जोडून देत नाही, कितीही ओळख असली तरी. ओळखपत्र दाखवून मिळणारं पाच किलोचं कंपनीचं सिलिंडर घ्या, आणि घरचं लाल सिलिंडर गाडीत टाकू नका, ते नियमात बसत नाही. सिलिंडरच्या कड्यावर पुढच्या तपासणीच्या मुदतीचं ए ते डी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती मुदत उलटलेलं सिलिंडर परत करा. सुरक्षा होज, म्हणजे गॅसची रबरी नळी, पाच वर्षांनी बदलायचा, चांगला दिसत असला तरी. गळती साबणाच्या पाण्याने बघायची. काडीने बघणारे अजून भेटतात.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी आणि भाऊच्या धक्क्यावर गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीत चढण्याआधी सिलिंडरचा कॉक बंद. शेगडी पेटवून गाडी उबदार करायची नाही आणि ती पेटती ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचा वास आला तर कॉक बंद करा, सगळे बाहेर या, दारं उघडी टाका. पंख्याच्या बटणाला हात लावू नका, बंद करायलाही नाही. १९०६ हा गळतीसाठीचा नंबर चोवीस तास चालतो. फोन गाडीपासून लांब जाऊन करा.

तपासणीचे आम्ही ८०० रुपये घेतो. दोष निघाला आणि काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. दोष नाही निघाला तरी दोन माणसांचा अर्धा दिवस गेलेला असतो. फ्रिज बाहेर काढायचा, पुन्हा बसवायचा, सगळे जोड साबणाने तपासायचे, हे दहा मिनिटांचं काम नाही.

उतारावरच मुक्काम करायची हौस असेल तर कॉम्प्रेसरचा बारा व्होल्टचा फ्रिज बसवून देतो. तो कल बराच सोसतो, वीज कमी घेतो, गॅसची भानगड नाही. मात्र त्याला चांगली बॅटरी आणि छतावर सोलर हवं, आणि तो रात्री थोडा वाजतो. महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्याला आम्ही जुनाच राहू द्या म्हणून सांगतो.

दिवाळीआधी सर्व्हिसला गर्दी होते, सप्टेंबरात आलात तर त्याच दिवशी गाडी मिळेल. येताना सिलिंडर काढून ठेवा आणि फ्रिज रिकामा करून आणा. गेल्या वेळी एका गाडीतले बोंबील शुक्रवार ते सोमवार आमच्याच शेडमध्ये राहिले होते.