तीन सेंटीमीटर: कुत्र्याच्या मास्ट सेल ट्यूमरभोवती किती कातडी काढायची, या प्रश्नाची पार्श्वभूमी

कुत्र्याच्या अंगावरच्या गाठीत सुई घातली, स्लाइडवर जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या गोल पेशी दिसल्या आणि मास्ट सेल ट्यूमर (मास्ट पेशींचा कर्करोग) ठरला, की पुढचा प्रश्न ठरलेला: गाठीबरोबर भोवतालची किती निरोगी कातडी काढायची? कित्येक वर्षं याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. चारही बाजूंनी तीन सेंटीमीटर आणि तळाशी फॅशियाचा (स्नायूंवरच्या चिवट पडद्याचा) एक अखंड थर. हा आकडा कोणी मोजून ठरवलेला नव्हता. अनुभवी हातांनी 'एवढं काढलं की बहुधा परत येत नाही' असं धरलं, ते शिकवण्यात उतरलं आणि छापलं गेल्यावर त्याचा नियम झाला.

कुत्र्यांच्या गाठींचा अभ्यास या नियमाच्या आधीचा. १८७६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला एका पशुवैद्याने एका कुत्र्याची लैंगिक संसर्गाची गाठ दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवली. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांत दिसणारी टीव्हीटी ती हीच. तिच्यावर आज सुरीपेक्षा आठवड्याला एकदा शिरेतून दिलेलं व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचं औषध चांगलं लागू पडतं, म्हणून ती इथे बाजूला ठेवू. मास्ट सेलला नाव मिळालं १८७८ च्या एका जर्मन प्रबंधात. पेशी कणांनी टच्च भरलेली दिसली, तेव्हा ती खाऊन-पिऊन पुष्ट झालेली असावी असा समज झाला, आणि जनावरं चारून पुष्ट करण्यासाठीचा जर्मन शब्द तिला चिकटला. प्रत्यक्षात ते कण हिस्टामिन, हेपरिन आणि प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचे असतात. गाठ चाचपल्यावर ती लाल होऊन फुगते, कापताना अनपेक्षित रक्तस्राव होतो, जठरात अल्सर होतात, ते यामुळेच.

याचे व्यवहारात दोन परिणाम होतात. गाठ सुई घालण्याआधी मोजायची, कारण सुईनंतर ती तासाभरात सुजते आणि कुठून मोजायचं तेच कळत नाही. आणि शस्त्रक्रियेआधी अँटिहिस्टामिन द्यायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते फेनिरामिन असतं. स्टेनची, म्हणजे स्लाइड रंगवायच्या द्रावाचीही, एक गोम आहे. पाण्यात विरघळणारे झटपट स्टेन काही गाठींमधले कण रंगवतच नाहीत, आणि मग मास्ट सेल साध्या गोल पेशींसारखी दिसून निदान चुकतं. जीम्सा किंवा लीशमनमध्ये ते कण सहसा उठून दिसतात. झटपट स्टेनच वापरायचा असेल तर स्लाइड मिथेनॉलमध्ये नेहमीपेक्षा बरीच जास्त वेळ ठेवायची. टेबलावर फॉर्मालिनची (काढलेले नमुने टिकवायच्या द्रावाची) बाटली उघडी असली तर नुसत्या वाफेने स्लाइड खराब होते, ही चूक अजूनही सर्रास दिसते.

मार्जिनचा, म्हणजे गाठीभोवती काढायच्या निरोगी पट्ट्याचा, वाद समजायला आधी 'ग्रेड' या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. गाठ किती सौम्य किंवा किती वाईट, याची ही वर्गवारी.

१९७३ च्या पद्धतीत ग्रेड १ म्हणजे सर्वांत वाईट, ओळखही हरवलेल्या पेशींची गाठ. ग्रेड ३ म्हणजे सौम्य. १९८४ मध्ये ८३ कुत्र्यांच्या गाठींवरून नवी पद्धत आली आणि तिने क्रम उलटा केला: ग्रेड १ सौम्य, ग्रेड ३ वाईट. पुढे सगळीकडे हीच रुळली. मधल्या काळातल्या रिपोर्टवर नुसतं 'ग्रेड १' लिहिलेलं असेल, तर लिहिणाऱ्याने कुठली पद्धत वापरली हे ठाऊक असल्याखेरीज त्याला काही अर्थ नव्हता. १९८४ च्या पद्धतीची खरी अडचण मात्र वेगळी होती. पेशी कशी दिसते आणि गाठ किती खोल गेली आहे, या दोन गोष्टी तिने एकाच आकड्यात कोंबल्या. वरच्या त्वचेपुरती असेल तर ग्रेड १. चरबीपर्यंत उतरली की पेशी सौम्य असूनही ग्रेड २. त्यामुळे बहुतेक गाठी मधल्या खणात जाऊन पडल्या. ग्रेड २ ची काही कुत्री वर्षानुवर्षं जगली, काही चार महिन्यांत गेली, आणि मालकाला नेमकं काय सांगायचं हे कोणालाच ठरवता येईना. मुळातच त्वचेखालच्या चरबीत उगवणाऱ्या मास्ट सेल गाठी तर विनाकारण वरच्या ग्रेडमध्ये ढकलल्या गेल्या. त्या बहुधा बऱ्या वागतात आणि त्यांना हे ग्रेड लावूच नयेत, हे २०११ मध्ये ३०६ कुत्र्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं.

त्याच वर्षी २८ पॅथॉलॉजिस्टांपुढे त्याच ९५ गाठी ठेवल्या गेल्या. ग्रेड ३ बाबत ७५ टक्के एकमत झालं, ग्रेड १ आणि २ बाबत ६४ टक्क्यांच्याही खाली. त्यातून दोनच खणांची पद्धत पुढे आली: लो ग्रेड आणि हाय ग्रेड. सूक्ष्मदर्शकाच्या उच्च क्षमतेच्या दहा क्षेत्रांत विभाजन होत असलेल्या सात किंवा जास्त पेशी, तीन किंवा जास्त केंद्रकं असलेल्या किमान तीन पेशी, किमान तीन वेडीवाकडी केंद्रकं, किंवा निदान दहा टक्के पेशींच्या केंद्रकांच्या व्यासात दुपटीचा फरक. यातलं एक जरी सापडलं तरी हाय ग्रेड. हाय ग्रेडच्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य चार महिन्यांपेक्षा कमी निघालं, लो ग्रेडचं दोन वर्षांपेक्षा जास्त. खोलीचा मुद्दा यातून गेला, हे बरं झालं.

आता मार्जिनकडे. तीन सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षात किती, ते एका पगवर मोजून पाहू. २००३ नंतर एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे ही जात आपल्याकडे घरोघरी पोचली, आणि मास्ट सेल गाठी होण्यात, त्याही एकाच वेळी अनेक ठिकाणी, ती पुढे आहे. छातीच्या बाजूला दोन सेंटीमीटरची गाठ. दोन्हीकडे तीन-तीन धरले तर वर्तुळ आठ सेंटीमीटरचं, क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस सेंटीमीटर. कोपऱ्यांना 'कुत्र्याचे कान', म्हणजे कातडीचे उंचवटे, न राहता ते सरळ रेषेत शिवायचं तर टाक्यांची रांग लांबीला रुंदीच्या तिप्पट, म्हणजे चोवीस सेंटीमीटरच्या आसपास होते. आठ किलोच्या कुत्र्यावर! दोन सेंटीमीटरचं मार्जिन घेतलं तर वर्तुळ सहाचं आणि क्षेत्रफळ अठ्ठावीस. छातीवर हा फरक ताण देऊन निभावतो. मनगटाजवळ, पापणीपाशी किंवा गुदद्वारालगत तोच फरक जखम बंद होणार की उघडी राहणार, पाय राहणार की जाणार, हे ठरवतो. १९८१ मध्ये ठरावीक धमनीवर आधारलेले त्वचेचे फ्लॅप (शेजारून वळवून आणायचे कातडीचे पट्टे) कुत्र्यांत वर्णन केले गेले आणि मोठी जखम झाकण्याची सोय झाली. पण सोय झाली म्हणून मोठी जखम करायलाच हवी होती असं नाही.

२००४ मध्ये पहिल्यांदा कोणीतरी खरोखर मोजलं. २१ कुत्र्यांच्या २३ गाठी काढून त्यांच्या कडा एक, दोन आणि तीन सेंटीमीटरवर वेगवेगळ्या तपासल्या. ग्रेड १ च्या सगळ्या गाठी एक सेंटीमीटरवरच स्वच्छ होत्या. ग्रेड २ च्या एक सेंटीमीटरवर ७५ टक्के आणि दोनवर सगळ्या. तिसऱ्या सेंटीमीटरने काहीही भर घातली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या एका गटाने दोन सेंटीमीटरनेच शस्त्रक्रिया करून जवळपास तोच निष्कर्ष काढला. २०१३ च्या सुमारास आणखी एक पाऊल पडलं: मार्जिन गाठीच्या व्यासाइतकं, मात्र दोन सेंटीमीटरच्या वर नाही. म्हणजे अर्ध्या सेंटीमीटरच्या गाठीला अर्धा सेंटीमीटर.

तीनवाल्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. या अभ्यासांतल्या गाठी जवळजवळ सगळ्या सौम्य ते मध्यम ग्रेडच्या होत्या. वाईट गाठींना दोन सेंटीमीटर पुरतात असं त्यांतून सिद्ध होत नाही. आणि खरा पेच असा, की मार्जिन शस्त्रक्रियेआधी ठरवायचं असतं, तर ग्रेड कळतो नंतर. यावर तोडगे निघाले. जागा अडचणीची असेल तर आधी छोटी बायॉप्सी (तपासणीपुरता तुकडा) घ्यायची. २०१६ पासून सुईच्या स्लाइडवरूनही ग्रेडचा अंदाज बांधायचे निकष आहेत. पण दुसऱ्या बाजूनेही विचार व्हायला हवा. हाय ग्रेडची कुत्री बहुतेकदा जागच्या जागी परत आलेल्या गाठीने नव्हे, पसरलेल्या रोगाने जातात. तिथे तिसऱ्या सेंटीमीटरपेक्षा लिम्फ ग्रंथी तपासणं जास्त मोलाचं. लो ग्रेडच्या ज्या गाठींच्या कडेला पेशी राहून गेल्या, त्यांतल्या बहुतेक परत येत नाहीत असंही दिसलं आहे. एवढं हाती आल्यावरही सरसकट तीन सेंटीमीटर काढत राहणं ही निव्वळ सवय आहे.

मूळ भांडण एका अंकावर झालं, पण फसतं बहुधा खोलीत. चरबी हा अडथळा नाही. कितीही जाड असली तरी ती मार्जिनमध्ये धरायची नाही. तिच्याखालचं फॅशियाचं किंवा पातळ स्नायूचं पूर्ण पान गाठीसकट एकसंध उचलावं लागतं. कातडी ओढून न धरता, मूळ स्थितीत, निर्जंतुक पट्टीने आणि मार्करने रेषा आधीच आखायची. कापल्यावर कातडी आणि फॅशिया एकमेकांवरून घसरतात, म्हणून दोघांना कडेने तीन-चार टाक्यांनी बांधायचं. बाहेर काढलेली कातडी लगेच आकसते. तिसरा हिस्सा आकसलेलीही नोंदली गेली आहे. त्यामुळे टेबलावर वीस मिलिमीटर मोजून काढलेल्या मार्जिनचं रिपोर्टवर 'चौदा' झालं तर प्रयोगशाळेला दोष देण्यात अर्थ नाही. कडांना शाई लावायची, पाच-दहा मिनिटं सुकू द्यायची, एका बाजूला खुणेचा टाका घालायचा आणि मगच नमुन्याच्या दहापट फॉर्मालिनमध्ये टाकायचं. शाई ओली असताना टाकलं तर ती आत झिरपते आणि स्वच्छ कडही 'अस्वच्छ' ठरते.

मांजरांत चित्र वेगळं. त्यांच्या त्वचेतल्या मास्ट सेल गाठी बहुधा डोक्या-मानेवर होतात आणि थोड्या मार्जिनने निभावतं. मार्जिनचा धसका तिथे दुसऱ्याच गाठीने घातला. अमेरिकेत १९९१ मध्ये लस टोचलेल्या जागी सार्कोमा (त्वचेखालच्या आधार-ऊतींचा कर्करोग) होत असल्याचं समोर आलं. नाव आधी लशीवरून पडलं. इतर इंजेक्शनांनंतरही तसंच घडल्याचं दिसल्यावर ते इंजेक्शनच्या जागेवरून दिलं गेलं. इथे पाच सेंटीमीटर आणि फॅशियाचे दोन थर, यावर फारसा वाद नाही. तिथलं ३-२-१ सूत्र आपल्याकडेही वापरण्याजोगं आहे: गाठ तीन महिने टिकली, दोन सेंटीमीटरहून मोठी झाली किंवा इंजेक्शनच्या महिन्याभरानंतरही वाढत राहिली, तर बायॉप्सी. खांद्यांच्या मध्ये टोचू नये, पायावर शक्य तितकं खाली टोचावं, हा सल्लाही तिथूनच आला. सार्कोमा झालाच तर पाय काढता येतो, पाठ काढता येत नाही, इतकं सरळ कारण.

कुत्र्यांकडे परत येऊ. १९९९ मध्ये मास्ट सेल गाठींत किट या, पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या, जनुकातले बदल सापडले. त्यावर बेतलेल्या गोळ्यांपैकी मॅसिटिनिब २००८ मध्ये युरोपात आणि टोसेरॅनिब २००९ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. लिम्फ ग्रंथींतल्या मास्ट पेशींची चार पायऱ्यांची वर्गवारी २०१४ ची. तेव्हापासून हाताला साध्या लागणाऱ्या ग्रंथीही काढून पाहिल्या जाऊ लागल्या आणि त्यांतही रोग सापडू लागला. २०२० मध्ये टिगिलॅनॉल टिग्लेट आलं. ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनातल्या एका झाडाच्या बियांपासून मिळणारं हे औषध थेट गाठीत टोचतात. गाठ काळी पडून साधारण आठवड्यात गळते, खड्डा चार ते सहा आठवड्यांत भरतो, आणि एका इंजेक्शनने चारांपैकी तीन गाठी पूर्ण जातात. अट अशी, की गाठ पसरलेली नसावी आणि आकारमान दहा घन सेंटीमीटरच्या आत हवं. त्वचेखालची असेल तर ती कोपर किंवा मागच्या पायाच्या घोट्यापाशी वा त्याखाली असावी. प्रयोगशाळेला पाठवायला मात्र काहीच उरत नाही, त्यामुळे आधी घेतलेली सुईची स्लाइड हाच एकमेव पुरावा राहतो आणि ती नीट रंगलेली असावी लागते.