लेहची विमानं सकाळीच का उडतात?

लेहचं तिकीट काढायला बसलात की एक गोष्ट लगेच खटकते. बहुतेक सगळी विमानं सकाळची. कुशोक बकुला रिनपोचे विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे आणि प्रदेश सीमेवरचा, त्यामुळे हे काहीतरी लष्करी बंधन असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वेळापत्रक ठरवते ती तिथली हवा.

विमानतळाचा जन्म मात्र सीमेमुळेच झाला. 1948 मध्ये पाकिस्तानकडून आलेले हल्लेखोर सिंधूच्या खोऱ्यातून लेहच्या रोखाने सरकत होते. शहरात सैन्य मूठभर, आणि कुमक यायची तर झोजी ला खिंड बर्फाने भरलेली. तेव्हा अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून नदीकाठच्या सपाटीवर मातीची धावपट्टी तयार केली. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डाकोटा विमान उतरवलं. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि वाटेतली शिखरं त्याच्या उंचीच्या मर्यादेशी भिडणारी होती. त्यामानाने उतरणं सोपं म्हणायचं, कारण डाकोटा हळू उडणारं विमान. त्याला मातीची पट्टीही पुरली.

जेट विमानाचं तसं नाही.

लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 3,256 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच भरतो. (पहिल्या दिवशी प्रवाशाचं डोकं दुखतं तेही यामुळेच.) त्यात ऊन तापलं की हवा फुगून आणखी विरळ होते. पारा 30 अंशांवर गेला की घनता समुद्रसपाटीच्या 64 टक्क्यांवर येते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने धावपट्टी जागच्या जागी जवळपास साडेचार किलोमीटर उंचीवर जाऊन बसते.

पंखांना उचल मिळते ती हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग). घनता घटली की वेग वाढवूनच भरपाई करावी लागते. समुद्रसपाटीला ताशी 260 किलोमीटरला जमीन सोडणारं विमान तेवढ्याच वजनाने लेहला अशा दुपारी उडायचं म्हटलं, तर 325 च्या आसपास वेग हवा. गंमत अशी की वैमानिकासमोरचा वेगमापक दोन्हीकडे साधारण तोच आकडा दाखवतो, कारण तो वेग मोजतो समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून. जमीन मात्र खालून कितीतरी जोरात सरकत असते. टायरांनाही वेगाची मर्यादा असते. एअरबस ए320 च्या बाबतीत ती ताशी 360 किलोमीटरच्या आसपास आहे. आणि हे सगळं करायचं ते विरळ हवेत दमलेल्या इंजिनांच्या जोरावर!

पूर्वेकडे जमीन चढत जाते आणि पुढे डोंगर आहेत. म्हणून विमानं साधारणपणे पश्चिमेकडून येऊन उतरतात आणि पश्चिमेकडेच उडतात. दुपारी उतार तापले की खोऱ्यातून वर वाहणारा जोराचा वारा सुटतो. उतरणाऱ्या विमानाच्या तो पाठीशी लागतो आणि थांबायला लागणारं अंतर वाढवतो. सकाळी हवा थंड, वारा शांत. सगळी गर्दी तेवढ्याच वेळात.

धावपट्टी लांबवून हा प्रश्न पुरता सुटत नाही. उडताना एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या एकावर डोंगर चुकवून चढता आलं पाहिजे, हा नियम. म्हणून तापमान वाढलं की वजन कमी करावं लागतं: आधी सामान, मग प्रवासी. जुलै 2024 च्या अखेरीस लेहमध्ये इतका उन्हाळा झाला की तेवढ्यानेही भागेना, आणि कंपन्यांना काही उड्डाणं रद्द करावी लागली.