चार कॉइलचा डबा आणि बेस गिटारची जुनी गुणगुण

हल्ली बेस गिटारसाठी चार कॉइलचे पिकअप मिळतात. छोटा स्विच इकडून तिकडे केला की एकाच डब्यातून प्रिसिजन, जॅझ आणि स्टिंगरे या तीन प्रसिद्ध बेस गिटारांचा आवाज निघेल, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. ते कितपत खरं, हे ताडायचं तर आधी हे तीन आवाज घडले कसे ते पाहावं लागतं.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. या वेढ्यांच्या गुंडाळीलाच कॉइल म्हणतात. वर गिटारची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये क्षीण वीज उमटते. अडचण अशी, की हेच वेढे अँटेनाचंही काम करतात. घरातल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण ते बिनतक्रार उचलतात. बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. म्हणजे गुणगुण नेमकी बेसच्याच मुलखात येऊन बसते. ती गाळून टाकायला जावं तर सुरांचं बूडच निघून जातं. उपाय शोधायचा तो कॉइलमध्येच.

गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्यात एकच कॉइल होती आणि प्रत्येक तारेखाली एक चुंबक. १९५७ मध्ये त्याने तो पिकअप मधोमध तोडला. जाड दोन तारांना एक अर्धा, बारीक दोन तारांना दुसरा. दोन्ही अर्ध्यांचे वेढे आणि चुंबकांची दिशा एकमेकांच्या उलट. बाहेरून येणारी गुणगुण दोन्हीकडे उलटी उमटते आणि एकमेकीला खाऊन टाकते. तारांचा आवाज मात्र शाबूत राहतो. दोन कॉइलच्या हमबकरमध्येही गुणगुण अशीच मरते, पण तिथे प्रत्येक तार दोन ठिकाणी ऐकली जाते आणि त्या दोन जागांच्या फरकामुळे काही उंच स्वरांश कापले जातात. फेंडरच्या या तुटक्या पिकअपात प्रत्येक तार एकाच जागी ऐकली जाते. गुणगुण गेली आणि एका कॉइलची स्वच्छ ठोस धार राहिली. माझ्या मते बेसच्या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हुशार युक्ती. बेसवादक जेम्स जेमरसनच्या १९६२ च्या प्रिसिजनवर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांचा तळ उभा आहे.

१९६० चा जॅझ बेस वेगळ्या वाटेने गेला. अरुंद, सरळ असे दोन पिकअप, एक नेककडे (गिटारच्या मानेकडे) आणि एक ब्रिजकडे (तारा जिथे धडावर टेकतात तिकडे), दोन्ही एकमेकांच्या उलट वेढ्यांचे. दोन्ही आवाजाचे नॉब पूर्ण उघडे असले की शांतता. त्यातला एक जरा मागे फिरवा, गुणगुण हळूच परत येते. गंमत अशी की अनेकांना हवा असलेला आवाज नेमका तिथेच सापडतो. बेसवादक जॅको पास्टोरियसचा परदे (फ्रेट) काढलेला १९६२ चा जॅझ बेस ब्रिजकडच्या पिकअपवरच बोलतो, तो नाकातला, बोलका आवाज. जागेचं महत्त्वही याच बेसवर दिसलं. १९७० च्या दशकात ब्रिजकडचा पिकअप जेमतेम सेंटीमीटरभर ब्रिजकडे सरकला, आणि तेवढ्यावरून जुन्या-नव्या जॅझच्या आवाजाबद्दल लोक आजही भांडतात.

स्टिंगरे आला १९७६ मध्ये. म्युझिक मॅन कंपनीसाठी फेंडरनेच केलेला. एकच हमबकर, जाडजूड चुंबक, दोन कॉइल समांतर जोडलेल्या आणि सोबत बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे क्षीण आवाज आधीच वाढवणारं सर्किट. समांतर जोडणीत दोन कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या विजेला होणारा अडथळा) एकसर, म्हणजे एकामागून एक जोडणीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं, त्यामुळे उंच स्वर मोकळे सुटतात. एकसर जोडणीत आवाज मोठा आणि जाड होतो, पण वरची चमक मरते. हा फरक स्विचवर देण्याची कल्पना फेंडरच्याच पुढच्या कंपनीत, जी अँड एलच्या १९८० च्या एल-२००० बेसमध्ये रुजली. तिकडे इंग्लंडमध्ये वॉल या बेस कंपनीचे कारागीर प्रत्येक तारेखाली दोन स्वतंत्र कॉइल बसवत होते, एका पिकअपात आठ.

आजचे चार कॉइलचे पिकअप या साऱ्यांची बेरीज आहेत. इंग्लंडच्या मार्टिन सिम्सचा सुपर क्वाड हे त्यातलं ठळक नाव. त्यात कोणती जोडणी चालू आहे हे रंगीत दिव्याने कळतं. डब्यात दोन ओळी, प्रत्येक ओळीत दोन कॉइल, दोन-दोन तारांना एकेक. तिरप्या दोन कॉइल घेतल्या की प्रिसिजनची जोडणी. एकच ओळ घेतली की जॅझ. चारही चालू केल्या की स्टिंगरेसारखा हमबकर.

जोडणी जुळते, यात वाद नाही. जागा मात्र जुळत नाही. डबा स्टिंगरेच्या जागी, ब्रिजकडे बसवला असेल तर प्रिसिजनची जोडणी निवडूनही तार ब्रिजजवळच ऐकली जाते. आवाज आखडतो, पोट भरत नाही. शिवाय डब्यातल्या दोन ओळी खऱ्या प्रिसिजनच्या दोन अर्ध्यांपेक्षा जवळ असतात आणि तिन्ही जोडण्यांना चुंबक तेच. स्विचने कॉइल बदलते, लाकडातली खाच सरकत नाही. म्हणून ज्याला प्रिसिजनचाच आवाज हवा, त्याने प्रिसिजनच घ्यावा असं मी बेलाशक सांगेन.

पण जॅझची जोडणी लावून पाहा. एका ओळीतल्या दोन कॉइल एकमेकींच्या उलट असतात, त्यामुळे ब्रिजकडचा एकटा पिकअप वाजवला तरी मागे गुणगुण नसते. नॉब हवा तेवढा फिरवा, सूर थांबला की अँपमधून फक्त शांतता येते. १९६० च्या जॅझवर हा आवाज हवा असला की गुणगुण सोबत घ्यावीच लागे.