वर्कफ्लो नियमन, बहु-रेपो

वर्कफ्लो नियमन : एखाद्या संस्थेच्या अनेक कोड रिपॉझिटरींत (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवण्याच्या जागा, बोलण्यात ‘रेपो’) कोड कसा तपासायचा, मंजुरी कोणी द्यायची आणि तो ग्राहकाच्या सर्व्हरवर कसा न्यायचा, याचे नियम एका जागी ठरवून सगळीकडे लागू करण्याची पद्धत. रेपो पाच असतात तोवर हे काम एका माणसाच्या डोक्यात मावते. पन्नास झाले की नियम काय आहे यापेक्षा तो कुठे चालू आहे आणि कुठे कधीच बंद पडला आहे, हेच कळेनासे होते.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली तयार केली आणि नवा रेपो काढणे हे मिनिटाचे काम झाले. गूगलसारख्या कंपनीने याच्या उलट वाट धरली. तिचा बहुतांश कोड एकाच अवाढव्य रेपोत असतो, आणि 2016 मध्ये तिच्याच अभियंत्यांनी तो सुमारे 2 अब्ज ओळींचा असल्याचे लिहिले होते. लहान कंपनीलाही एकच रेपो परवडतो. पण साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री असे ग्राहक धरून कोल्हापुरात काम करायचे म्हटले, की एका कारखान्याचे ऊसबिलाचे सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना रेपोची नक्कल काढून त्यात कपाती आणि वाहतुकीचे दर बदलण्याचा मोह आवरत नाही. ग्राहक वाढतील तसे रेपो वाढतात.

नियम पसरवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग म्हणजे नमुना रेपो. त्यातली पाइपलाइनची (कोड आपोआप तपासून पुढे नेणाऱ्या टप्प्यांची) यॅमल फाइल, म्हणजे साध्या मजकुरातली सेटिंगची फाइल, नव्या रेपोत उतरते आणि तिथेच थिजते. फाउंड्रीत पॅटर्न दुरुस्त केला म्हणून आधी ओतलेले कास्टिंग सुधारत नाही, तसाच हा प्रकार. यावर उपाय म्हणजे नक्कल न करता संदर्भ देणे. गिटहब या रेपो ठेवण्याच्या संकेतस्थळाची ‘ॲक्शन्स’ ही अशी कामे आपोआप चालवणारी सेवा 2019 मध्ये सर्वांना खुली झाली आणि 2021 मध्ये तिच्यात पुनर्वापरयोग्य वर्कफ्लो आले. मूळ फाइल एका मध्यवर्ती रेपोत राहते, बाकीचे रेपो तिला फक्त हाक मारतात. गिटलॅब या तशाच दुसऱ्या सेवेत ‘इन्क्लूड’ हा शब्द हेच काम करतो.

मात्र हाक कशाला मारतो, याला महत्त्व आहे. संदर्भ टॅगचा (कोडच्या एखाद्या आवृत्तीला दिलेल्या नावाचा) असेल तर तो टॅग उद्या दुसऱ्याच कोडकडे वळवता येतो. मार्च 2025 मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या लोकप्रिय ॲक्शनचे (वर्कफ्लोत वापरायच्या तयार तुकड्याचे) टॅग हल्लेखोराने असेच वळवले. ती 23 हजारांहून अधिक रेपोंत वापरात होती आणि त्या बदलाने गुप्त किल्ल्या बिल्डच्या लॉगमध्ये छापायला सुरुवात केली. म्हणून बाहेरची ॲक्शन कमिटच्या (नोंदवलेल्या एका बदलाच्या) पूर्ण 40 अक्षरी हॅशने, म्हणजे दुसरीकडे वळवता न येणाऱ्या ओळखखुणेने बांधावी, असा नियम आता पुष्कळ ठिकाणी असतो.

संदर्भ दिला तरी रेपोचा मालक ती ओळ पुसू शकतोच. त्यामुळे तपासणी रेपोच्या हाताबाहेर ठेवावी लागते. गावच्या दूध संस्थेने दुधाची फॅट मोजली तरी संघाच्या दारात नमुना पुन्हा घेतात, त्यातलाच हा भाग. गिटहबने 2023 मध्ये आणलेल्या रूलसेटमुळे (नियमसंचामुळे) हे संघटनेच्या पातळीवर करता येते : ठरलेली तपासणी हिरवी झाल्याशिवाय आणि दुसऱ्याची मंजुरी मिळाल्याशिवाय पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) मूळ कोडमध्ये मर्ज होत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. वर्कफ्लोला ‘फक्त अमुक फोल्डर बदलला तरच चाल’ अशी अट घातलेली असते आणि तोच वर्कफ्लो सक्तीचाही केलेला असतो. कोणी नुसती माहितीची फाइल बदलली, की वर्कफ्लो सुरूच होत नाही आणि पुल रिक्वेस्ट निकालाची वाट बघत पिवळ्या ठिपक्यावर अडकते. चूक कोणाचीच दिसत नाही, शिव्या मात्र नियम करणाऱ्याला बसतात. अट वर्कफ्लोऐवजी त्यातल्या जॉबच्या (एकेका कामाच्या) पातळीवर नेली की वगळलेला जॉब उत्तीर्ण धरला जातो आणि वाट मोकळी होते.

सगळीकडे सारखा नियम म्हणजे सगळ्यांना सारखाच ताठ नियम नव्हे. गाळप हंगामात रात्री दोन वाजता वजनकाट्याचे सॉफ्टवेअर अडले, तर बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. तेव्हा दुसऱ्याच्या मंजुरीसाठी कोणाला झोपेतून उठवणार? अशा वेळेसाठी बायपासचा (नियम ओलांडण्याचा) हक्क मोजक्या नावांना द्यावा आणि तो वापरल्याची नोंद सकाळी पाहावी. हा दरवाजा ठेवला नाही, तर लोक सर्व्हरवर थेट फाइल बदलतात आणि तो बदल कुठल्याच रेपोत सापडत नाही.

नियम कोणत्या रेपोंना लागावा, हे बहुधा नावाच्या साच्यावरून ठरवतात. त्यामुळे ‘टेस्ट-नवीन-2’ असे नाव दिलेला रेपो निसटतो, आणि एखाद्या काट्यावर दोन हंगाम चालू असलेला कोड नेमका त्याच रेपोत असू शकतो. नावाऐवजी प्रत्येक रेपोला ग्राहक आणि ‘चालू/बंद’ असे गुणधर्म जोडून त्यांवर नियम बांधणे अधिक भरवशाचे असते.