दूध परत येऊ नये म्हणून: गाव संकलन केंद्रांसाठी माहितीपत्रक

टँकरवर दूध नाकारले गेले की दोष उन्हाला, रस्त्याला नाहीतर कूलरला दिला जातो. बहुतेक वेळा ते दूध त्याच्या कितीतरी आधी बिघडायला लागलेले असते. आम्ही बल्क कूलर, म्हणजे केंद्रावरचे दूध गार करणाऱ्या मोठ्या टाक्या, विकतो आणि दुरुस्त करतो. तरीही नव्या कूलरची चौकशी करणाऱ्या केंद्राला आमची पहिली विनंती वेगळीच असते. एक रिकामा, ‘धुतलेला’ कॅन घ्या, झाकण काढा, रबराखाली बोट फिरवा आणि बोटाचा वास घ्या. आंबूस वास आला, पिवळसर चिकट थर लागला, तर तो थर म्हणजे विरजणच आहे. 40 लीटर ताज्या दुधाला रोज दोन वेळा असे विरजण लागत असेल, तर कूलर कितीही मोठा घेतला तरी दूध परत येणारच.

धार काढल्यापासून किती वेळ गेला?

कासेतून दूध सुमारे 37 अंशांना येते. ताज्या दुधात जंतूंना रोखण्याचा थोडा नैसर्गिक गुण असतो, पण उन्हाळ्यात तो दोनेक तासांतच संपतो. त्यानंतर 30-35 अंशांना जंतू साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतात. चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे 256. दूध 4 अंशांवर आणले की ही वाढ अगदी मंदावते, पण आधी झालेले जंतू मरत नाहीत. कूलर दूध सुधारत नाही, आहे त्या अवस्थेत थोपवून धरतो.

म्हणून घड्याळ लावून पाहा. पहिली धार पाचला, संकलन सहा ते साडेआठ, गाडी नऊला, शीतकरण केंद्र दहाला, म्हणजे सकाळच्या पहिल्या दुधाचे पाच तास झाले. संकलनाची वेळ तासाभराची केली, तर एक पैसाही न घालवता दीड तास वाचतो. गाडीने जाताना कॅन उचलत जाऊ नये. आधी रिकामी शेवटच्या वस्तीवर जावी आणि परतताना गोळा करत यावी. कॅनवर ओले गोणपाट टाका. नुसती ताडपत्री टाकली तर आत भट्टी होते.

गोठ्यातल्या चार गोष्टी

प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या तळाच्या वाटीत काढा. गुठळ्या किंवा पाणीदार दूध दिसले तर दगडीची (कासेच्या सुजेच्या रोगाची) शंका घ्या आणि ते दूध वेगळे ठेवा. या धारा जमिनीवर सोडू नयेत, त्याने दगडी गोठाभर पसरते. सड धुतल्यावर कोरडे पुसा, कारण ओल्या कासेवरचे पाणी हातावरून थेट बादलीत उतरते. धार झाल्यावर जनावरापुढे वैरण टाका, म्हणजे ते अर्धा तास उभे राहील आणि सडाचे तोंड मिटायला वेळ मिळेल. दगडीची ट्यूब एका सडात सोडली असली तरी चारही सडांचे दूध औषधाच्या लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत केंद्रावर आणू नका. व्यायल्यानंतर पहिल्या पाच दिवसांचा चीकही मिसळू नका. तो उकळताना गोठतो आणि सगळा कॅन नासका ठरतो.

कॅन धुण्याची पद्धत

कॅन रिकामा झाल्याबरोबर धुवा, वाळू देऊ नका.

1. आधी साध्या किंवा कोमट पाण्याने विसळा. सुरुवातीलाच कढत पाणी ओतले तर दुधातली प्रथिने पत्र्यावर शिजून चिकटतात. ही चूक सर्वांत जास्त होते.
2. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा, 10 लीटरला 50 ते 100 ग्रॅम, आणि प्लास्टिकचा ब्रश. ही मात्रा स्टीलच्या कॅनसाठी. ॲल्युमिनियमला हा सोडा किंवा कॉस्टिक सोडा अजिबात लावू नका, डेअरीचे सौम्य डिटर्जंट वापरा. तारेची घासणी दोन्हींना नको, तिच्या ओरखड्यांत जंतू घर करतात. प्लास्टिकच्या जुन्या तेलाच्या कॅनमध्ये दूध आणणाऱ्यांची अडचण हीच आहे.
3. झाकणाचे रबर काढून वेगळे धुवा. चिरले असेल तर बदला.
4. स्वच्छ पाण्याने विसळा. नंतर 4 टक्के हायपोक्लोराइट (जंतू मारणारे क्लोरिनचे द्रावण, थोडक्यात ‘हायपो’), 10 लीटर पाण्याला 50 मिली. दोन मिनिटे फिरवा आणि ओतून टाका. जास्त वेळ ठेवले तर ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. हायपोची बाटली उन्हात ठेवली तर तिचा जोर जातो.
5. कॅन लाकडी किंवा लोखंडी रॅकवर पालथा ठेवा. फरशीवर पालथा घातला तर आत वाफ कोंडते.

आतून पांढरट खरखरीत थर दिसला तर तो दूधखडा. आठवड्यातून एकदा डेअरी ॲसिडने काढा. ॲसिड आणि हायपो एकत्र कधीही करू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो.

जाता जाता: ओतून झालेला कॅन परत उलटा धरून तळाचे दूध मापात घ्या. कॅनमागे 100 मिली राहत असेल, तर 20 कॅन, दोन वेळा, रोजचे 4 लीटर धुण्याच्या पाण्यात जातात. ओतण्याच्या जागी निथळणीचा स्टँड लावा.

कूलर नसेल तर

विहिरीच्या पाण्याचा हौद उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. पाणी 26 अंशांचे असेल तर दूध 26 च्या खाली जाणार नाही. दुधाच्या किमान तिप्पट पाणी, कॅनच्या मानेपर्यंत पातळी आणि दर दहा मिनिटांनी स्वच्छ दांडीने ढवळणे, इतके केल्यास तासाभरात सात-आठ अंश उतरतात. बर्फ वापरायचा तर बाहेरून. 40 लीटर दूध 35 वरून 10 अंशांवर आणायला नुसत्या हिशेबानेच 11 किलो बर्फ लागतो, बाहेरची उष्णता धरून 14-15. दुधात बर्फ टाकलात तर एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) पडणार आणि भेसळीचा ठपका येणार.

कूलर घेताना आणि चालवताना

‘1000 लीटरचा कूलर’ म्हणजे एका वेळेला 1000 लीटर, असे बहुतेक जण धरून चालतात. कूलरच्या प्लेटवर ‘2 ए II’ अशी खूण असते. तिच्यात पहिला आकडा 2 असेल तर तो दोन वेळच्या दुधासाठी बनवलेला आहे: सकाळी 500, संध्याकाळी 500. एकाच वेळी 1000 ओतले तर तीन तासांचे काम सहा तासांवर जाते, आणि तक्रार येते की ‘मशीन कमजोर आहे’. त्यापुढचे अक्षर हवामानाचे असते, म्हणजे बाहेर किती तापमान असेपर्यंत कूलर हे काम करेल: ‘ए’ म्हणजे 38 अंश, ‘बी’ म्हणजे 32. विदर्भ-मराठवाड्यात ‘बी’ घेऊ नका, थोडे पैसे वाचतात आणि मे महिन्यात दूध जाते. शेवटचा रोमन दोन म्हणजे 35 वरून 4 अंशांवर तीन तासांत.

विजेचा अंदाज: 500 लीटर दूध 35 वरून 4 वर आणायला साधारण 7 ते 9 युनिट. याहून बरीच जास्त जात असेल तर आधी कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पाहा. धूळ, भुसा, कोळिष्टके यांनी पंखे-जाळी बुजलेली असते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा आणि मागे भिंतीपासून दोन फूट मोकळी जागा ठेवा. जोडणी गावठाण फीडरवरून, म्हणजे गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवरून, घ्या. शेती फीडरवर थ्री-फेज ठरावीक तासच असते, त्या वेळा तुमच्या संकलनाला जुळत नाहीत. जनरेटर आठवड्यातून एकदा भारासह चालवून पाहा, नाहीतर गरजेच्या दिवशी बॅटरी उतरलेली निघते.

टाकीत दूध क्षमतेच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर ढवळणीचे पाते दुधाला लागत नाही आणि तळाला बर्फ धरतो. उलट, दूध पात्याला जेमतेम लागत असताना ढवळणी सतत चालू ठेवली तर लोण्याचे कण वर येतात आणि नमुन्याला फॅट कमी लागते. नमुना घेण्याआधी पाच मिनिटे ढवळणी, हा नियम दोन्ही बाजूंच्या भांडणावर बरा उपाय आहे. संध्याकाळचे कोमट दूध सकाळच्या गार दुधात सोडताना मिश्रण 10 अंशांच्या वर जाऊ नये, म्हणून सगळे एकदम न ओतता थांबत-थांबत ओता.

आंबट की आणखी काही?

परीक्षानळीत 5 मिली दूध उकळून पाहा. फाटले तर ते कॅनमध्ये ओतू नका. अल्कोहोल चाचणीत 68 टक्क्यांचे अल्कोहोल आणि दूध समान घ्यायचे. गुठळ्या धरल्या तरी लगेच ‘आंबट’ म्हणून शेतकऱ्याला परत पाठवू नका, आम्लता मोजा. गाईच्या ताज्या दुधाची 0.13 ते 0.15 टक्के असते. आम्लता यातच असेल आणि अल्कोहोलला दूध फाटत असेल, तर दूध शिळे नाही: गाय आटत आलेली असेल, चीक मिसळला असेल, दगडी असेल किंवा क्षारांचा तोल बिघडला असेल. त्याला उपाय खनिज मिश्रण आणि डॉक्टर. कॅन घासून काही होणार नाही.

कोणाच्या दुधात जंतू जास्त, हे शोधायला मिथिलीन ब्ल्यू चाचणी स्वस्त आहे. परीक्षानळीत 10 मिली दूध आणि 1 मिली रंग घ्या, नळी 37 अंशांच्या पाण्यात उभी ठेवा. निळा रंग पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. महिन्यातून एकदा प्रत्येक खातेदाराची करा.

आंबट झालेल्या दुधात खाण्याचा सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा फॉर्मेलिन घालून ते पुढे ढकलण्याचा मोह धरू नका. ही भेसळ आहे, डेअरीच्या प्रयोगशाळेत पकडली जाते, आणि एका कॅनपायी अख्खा टँकर परत फिरतो.

दुरुस्तीसाठी फोन करण्याआधी

दूध ओतल्यापासून दर अर्ध्या तासाचे तापमान, टाकीतले लीटर, व्होल्टेज आणि बाहेरचे तापमान कागदावर लिहून ठेवा. तापमान टाकीच्या डिस्प्लेवरचे नको, वेगळ्या थर्मामीटरने दुधात बुडवून घेतलेले हवे. दोन्हींत दोन अंशांचा फरक निघाला तर बहुधा नुसता सेन्सर बदलावा लागतो.