शेअर बाजारातील तेजी-मंदीची भाकिते

शेअरांच्या भावांची अथवा भावनिर्देशांकाची पुढील चाल, विशेषतः तेजीचे शिखर आणि मंदीचा तळ केव्हा व कोणत्या पातळीवर येईल, याविषयी आगाऊ बांधलेले अंदाज. कंपन्यांचा नफा, व्याजदर, पीकपाणी यांवरून काढलेले अंदाज मूलभूत विश्लेषणात मोडतात, तर केवळ भाव आणि उलाढाल यांच्या आलेखांवरून काढलेले तांत्रिक विश्लेषणात. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या वर्गातील डाऊ सिद्धांताचा, म्हणजे औद्योगिक आणि रेल्वे शेअरांच्या भावसरासऱ्यांवरून बाजाराचा मुख्य कल ओळखण्याच्या पद्धतीचा, विचार प्रामुख्याने केला आहे, कारण भाकिते खरी ठरतात की नाही याच्या पहिल्या पद्धतशीर कसोट्यांपैकी एक त्याच्यावरच लागली.

सिद्धांताचे जनकत्व वादग्रस्त आहे. अमेरिकन पत्रकार चार्ल्स हेन्री डाऊ (१८५१–१९०२) याने १८८४ मध्ये अकरा शेअरांची, त्यांतही नऊ रेल्वे कंपन्यांची, भावसरासरी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. २६ मे १८९६ रोजी बारा औद्योगिक शेअरांची स्वतंत्र सरासरी आली. १८९९ पासून मृत्यूपर्यंत त्याने वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकात बाजारावर अग्रलेख लिहिले, परंतु त्यांत ‘सिद्धांत’ असा शब्द त्याने आपल्या निरीक्षणांना लावलेला नाही. ‘डाऊचा सिद्धांत’ हे नाव सॅम्युएल नेल्सन याने साधारणपणे १९०२-०३ च्या सुमारास काढलेल्या संकलनात प्रथम आढळते. पुढे त्याच दैनिकाचा संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन याने अग्रलेखांतून आणि १९२२ च्या ग्रंथातून त्याला बाजाराच्या ‘वायुभारमापका’चे (बॅरोमीटरचे) रूप दिले आणि रॉबर्ट रिया याने १९३२ मध्ये त्याची सूत्रबद्ध मांडणी केली. डाऊचा भर व्यापारउदिमाची स्थिती ओळखण्यावर होता आणि भाकिताचे यंत्र ही हॅमिल्टनची भर होय, असे मत काही अभ्यासक मांडतात. उपलब्ध अग्रलेख पाहता ते अधिक ग्राह्य वाटते.

सिद्धांतानुसार बाजारात एकाच वेळी तीन हालचाली चालू असतात : वर्ष किंवा अधिक काळ टिकणारी मुख्य, काही आठवड्यांची दुय्यम आणि दैनंदिन. त्यांची तुलना अनुक्रमे भरती-ओहोटी, लाटा आणि तरंग यांच्याशी करतात. मुख्य कल बदलल्याचा निर्वाळा औद्योगिक आणि रेल्वे या दोन्ही सरासऱ्यांनी दिला तरच तो ग्राह्य मानायचा. कारखान्यांत तयार झालेला माल रेल्वेने वाहून न्यावाच लागतो, हे त्यामागील तर्कशास्त्र. येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. शिखर हे भाव त्यावरून खाली आल्यानंतरच शिखर ठरते, तळाचेही तसेच; त्यामुळे हा सिद्धांत वळण वर्तवत नाही, तर झालेल्या वळणाची खातरी करून घेतो, आणि तेवढ्या अवधीत चालीचा काही भाग हातचा निघून गेलेला असतो.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, ती घटना याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. औद्योगिक सरासरीने ३ सप्टेंबरला ३८१.१७ हा उच्चांक गाठला. हॅमिल्टनचा ‘भरती ओसरली’ अशा आशयाचा अग्रलेख २५ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाला, तोवर सरासरी सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली होती. मात्र ८ जुलै १९३२ रोजी ती ४१.२२ पर्यंत उतरली हे पाहता इशारा उशिराचा असला तरी निरुपयोगी नव्हता. अमेरिकन भाकितकार रॉजर बॅबसनने ५ सप्टेंबर १९२९ लाच कोसळण्याचे भाकीत केले होते, पण तेच तो आदल्या दोन वर्षीही सांगत आला होता, हे त्याच्या कीर्तीची नोंद करताना सहसा वगळले जाते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कोल्झ याने १९३३ मध्ये इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात भाकितकारांची संख्याशास्त्रीय तपासणी प्रसिद्ध केली. हॅमिल्टनचे २५५ अग्रलेख तपासून त्याने ९० वेळा झालेले मतपरिवर्तन वेगळे काढले. त्यांपैकी ४५ बरोबर आणि ४५ चुकीचे निघाले. त्याबरहुकूम व्यवहार करणाऱ्यास वर्षाला सुमारे १२ टक्के उत्पन्न मिळाले असते, तर शेअर घेऊन स्वस्थ बसणाऱ्यास सुमारे १५.५ टक्के. सोळा वित्तसेवा संस्था, वीस अग्निविमा कंपन्या आणि चोवीस भाकीत-प्रकाशने यांची कामगिरीही त्याने तपासली आणि पत्ते पिसून काढलेल्या काल्पनिक भाकितांशी प्रकाशनांची तुलना केली. सर्वोत्तम ठरलेली भाकितेही निव्वळ योगायोगापेक्षा फारशी सरस नव्हती. भाकितकारांना भाकीत करता येते का, या आपल्या लेखाच्या शीर्षकातील प्रश्नाला त्याचे उत्तर ‘शंकास्पद’ एवढेच होते.

कोल्झचा निष्कर्ष सहा दशके जवळजवळ निर्विवाद मानला गेला. १९९८ मध्ये स्टीफन ब्राउन, विल्यम गोएट्झमन व आलोक कुमार यांनी तेच अग्रलेख पुन्हा तपासले. हॅमिल्टन बराच काळ बाजाराबाहेर राहण्याचा सल्ला देत असल्याने त्याच्या मार्गाने जाणाऱ्याची जोखीमही कमी होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. जोखीम हिशेबात धरली असता कामगिरी सरस ठरते आणि मंदीचे अंदाज विशेष खरे उतरलेले दिसतात. हा आक्षेप सयुक्तिक आहे. तरीही तो एका संपादकापुरताच असून, उर्वरित भाकितकारांविषयी कोल्झने काढलेल्या निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.

सैद्धांतिक बाजूने फ्रेंच गणितज्ञ लुई बाशलिए याने १९०० मध्येच पॅरिस येथील प्रबंधात सट्टेबाजाची गणिती अपेक्षा (सरासरीने अपेक्षित नफा) शून्य असल्याचे प्रतिपादन केले होते. अर्थशास्त्रज्ञ यूजीन फामा याचे कार्यक्षम बाजाराचे, म्हणजे उपलब्ध माहिती भावांत आधीच उतरलेली असते अशा बाजाराचे, विवेचन (१९७०) त्याच दिशेचे आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर याच्या मते अल्पकालीन चाल वर्तवता येत नसली, तरी दीर्घकालीन परताव्याचा काहीसा अंदाज भाव-नफा गुणोत्तरावरून (शेअरचा भाव दर शेअरमागील नफ्याच्या किती पट आहे यावरून) बांधता येतो. या दोघांना, लार्स हॅन्सन याच्यासह, २०१३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भारतात पंचांगांतील ‘तेजी-मंदी’ हे सदर धान्य, कापूस, सोने-चांदी यांच्या भावांपुरते होते. शेअरांची भाकिते त्यात पुढे शिरली असावीत. मुंबईत १८६५ साली शेअरांचा फुगा फुटला, तो अमेरिकी यादवी युद्ध संपून कापसाचे भाव उतरल्यामुळे. मुंबई शेअर बाजाराची संघटना त्यानंतरची, १८७५ ची. शेअरविषयक शिफारशींचा व्यवसाय करणाऱ्यांस सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक विनियमांन्वये नोंदणी करावी लागते आणि निश्चित परताव्याची हमी देण्यास त्यांना मनाई आहे.