गुजरीची जागा: बडोद्यातल्या एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

गुजरीला, म्हणजे शुक्रवारी भरणाऱ्या जुन्या मालाच्या बाजाराला, कायमची जागा द्यावी असा विषय निघाला की बडोद्यात पहिली दोन नावं ठरलेली: नवलखी मैदान आणि पोलो ग्राउंड. रावणदहन, सभा, मेळे तिथे पार पडतात, मग आठवड्याचा बाजार का नाही? दिसायला सरळ युक्तिवाद. पण मेळ्याला माणूस घरून ठरवून निघतो. सायकलचं जुनं पॅडल किंवा कुकरचं जोडीचं झाकण येता-जाता नजरेला पडलं, तरच घेतलं जातं.

संस्थानी काळ थोडक्यात. बाजाराला छप्पर घालायची हौस आपल्याकडे जुनी. सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभाराला २५ वर्षं झाली म्हणून १९०६ मध्ये खंडेराव मार्केट उभं राहिलं. आज दर्शनी भागात पालिकेची कचेरी, भाजी आणि फुलं मागे, बाहेर लाऱ्या (हातगाड्या) आहेतच. मंगळबाजाराची तऱ्हा उलटी: नाव एका वाराचं आणि गर्दी सगळे दिवस.

खरा गुंता शब्दाचा आहे. विदर्भात गुजरी म्हणजे रोजचा भाजीबाजार. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांच्या पेढ्या. अहमदाबादेत मात्र गुजरी म्हणजे जुन्या मालाचा रविवारचा बाजार. बडोदेकर मराठी माणूस या सगळ्यांच्या मधोमध उभा. पुण्याच्या पाहुण्याला तो ‘जुना बाजार’ म्हणून सांगतो, शेजारच्या पटेलकाकांना ‘शुक्रवारी’. हे नुसतं भाषेचं कौतुक नाही. ‘मेळा’ म्हटलं की मैदानाचं दिवसाचं भाडं डोळ्यांसमोर येतं. ‘बाजार’ म्हटलं की ओटे आणि पावत्या. ‘पाथरणेवाले’, म्हणजे जमिनीवर माल मांडून विकणारे, म्हटलं की थेट पालिकेच्या दबाण (अतिक्रमण) शाखेचा ट्रक. माणसं तीच, मालही तोच.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यात आणखी एक शब्द घातला: नैसर्गिक बाजार. विक्रेते आणि गिऱ्हाइकं परंपरेने जिथे जमत आली ती जागा. कायद्याचं दुसरं परिशिष्ट तर सांगतं की अशा बाजारात ५० वर्षांहून जास्त काळ धंदा चालला असेल, तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. वाचायला छान. पण ५० वर्षं मोजायची कोणाची? जागेची, की बाजाराची? वाराचा बाजार हा मुळात ढकलला जाणारा बाजार. रस्ता रुंद झाला, पूल आला, पार्किंग आखलं, की पाथरणी गुंडाळून पुढच्या नाक्यावर. दर वेळी मोजणी पहिल्यापासून सुरू होणार असेल, तर ज्यांना कधी कोणी हातच लावला नाही त्यांनाच हे संरक्षण मिळायचं. शिवाय नैसर्गिक बाजार कोणता हे ठरवायचं पालिकेनेच, नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून. त्या समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के हवेत; म्हणजे बहुमत इतरांकडे राहिलं तरी कायदा मोडत नाही. जागा सापडत नाही असं जे म्हणतात, त्यांनी आधी नैसर्गिक बाजाराचं हे कलम वाचावं.

दुसरी गोष्ट सर्वेक्षणाची. विक्रेत्यांची मोजणी दर ५ वर्षांत एकदा तरी व्हायला हवी. मोजणारा मंगळवारी आला, तर शुक्रवारची बाई त्याला कुठे सापडणार? ती तेव्हा भांड्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली हिंडत असते. आपल्या घरांतली ती बोहारीण. जरीचं लुगडं देऊन स्टीलचा डबा घेताना आजीने घातलेली हुज्जत पुष्कळांना आठवत असेल. ते कपडे धुऊन, रफू करून, बटणं लावून बाजारात येतात. म्हणून जागा पाहताना नुसते चौरस फूट मोजून भागत नाही. पाणी लागतं, गठ्ठे ठेवायला आडोसा लागतो, पहाटे टेम्पो उभा राहील अशी गल्ली लागते. आणि डोक्यावर बोजा घेऊन पायी गाठता येईल एवढंच अंतर.

दाखला अहमदाबादचा दिला जातो. तिथली गुजरी १९५४ पासून साबरमतीवरच्या एलिस पुलाखाली. रिव्हरफ्रंटच्या कामात ती अडचण ठरली, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि २०१४ मध्ये नदीकाठीच आखीव जागा मिळाली. दाखला देणारे तिथल्या ओट्यांकडे बोट दाखवतात. बाजार पुलाच्या परिसरातच राहिला, गिऱ्हाइकाची वाट बदलली नाही, ही बाब मात्र सांगायची राहून जाते.

नदीकाठचा मोह बडोद्याने तरी आवरावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांवर गेलं, मगरी वस्तीत आल्या. फ्रिज आणि गाद्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्याला तर विमाही नसतो.

मैदानांच्या याद्यांत एक पर्याय सहसा दिसत नाही: ज्या पेठेची दुकानं ज्या वारी बंद, त्या वारी तोच रस्ता. सावली दुकानांची, वाट लोकांच्या पायाखालची, भाड्याने मैदान घ्यायला नको. दुकानदारांचा आक्षेप काय असेल तेही माहीत आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायचं कोणी?